दाबलं न जाणारं बटण

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. ती वयानं मोठी होतीच, पण नाव पडलं ते वेगळ्याच कारणानं. तिच्या धाकट्या भावाचे फोन वेळी-अवेळी यायचे, हात कामात असायचे म्हणून ती स्पीकर लावायची आणि पलीकडून तो इतक्या मोठ्यानं 'ताई' म्हणायचा, की बाकीच्यांच्या तोंडात तेच बसलं. पुढे तर कंपनीच्या मालकांनीही मीटिंगमध्ये "हे ताईंना विचारा" म्हणायला सुरुवात केली.

काम वेबसाइटचं. म्हणजे वेबसाइटचा जो भाग माणसाच्या डोळ्यांसमोर येतो तो उभा करायचं. डिझायनर पानाचं चित्र काढून द्यायचा, आणि ताई त्या चित्राचं चालतंबोलतं पान करायची. मग तेच पान निरनिराळ्या ब्राउझरांत उघडून बघायचं. एकात सगळं जागच्या जागी असायचं, दुसऱ्यात मेनू घसरून खाली पडलेला, तिसऱ्यात अख्खी उजवी बाजू गायब. ते सगळं रांगेला लावेपर्यंत डिझायनरचं मन बदललेलं असायचं.

ती या धंद्यात आली तेव्हा पानं तक्त्यांत बांधायची पद्धत होती. तक्त्यात तक्ता, त्याच्या एका घरात आणखी एक तक्ता. त्यात तिचा हात बसला आणि तक्ते बाद झाले. मग आणखी एक पद्धत आली, तीही तिनं पचवली, तीही गेली. शिकलेलं विसरायचं आणि विसरलेलं पुन्हा नव्या नावानं शिकायचं, असं वर्षानुवर्षं चालू होतं. एक जुना ब्राउझर तर असा हट्टी होता, की त्याच्यासाठी प्रत्येक पानाला वेगळं ठिगळ लावावं लागे. तो कायमचा बंद झाला तेव्हा ऑफिसातल्या मुलांनी केक आणला. ताईनं तुकडा खाल्ला, हात पुसले आणि परत खुर्चीत जाऊन बसली. तिची उमेदीची वर्षं त्या ब्राउझरचे लाड पुरवण्यात गेली होती, आणि ती ठिगळं आता कुणाच्याच कामाची नव्हती. कुणी कशी आहेस विचारलं की ती "चाललंय" म्हणायची. खरंच तेवढंच असायचं.

तिचा भाऊ वायरमन होता. घरात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे, वायरमनच म्हणत. लहानपणी त्यानं घरातला पंखा खोलून परत बसवला होता आणि तो उलटा फिरायला लागला होता, तेव्हापासूनचं ते नाव. पुढे त्यानं धंदाही तोच धरला. चांगला कारागीर होता, आणि जिभेनं तिखट. एका मोठ्या दुकानाच्या छताला दिवे बसवताना शिडी सरकली आणि तो खाली आला. जीव वाचला, पण मानेला जबर मार बसला होता. मानेखालचं फारसं काही शाबूत राहिलं नव्हतं. खांदे थोडे हलायचे, मान चांगली फिरायची, आणि जिभेला तर काहीच झालेलं नव्हतं.

आईवडील दोघंही गेले होते, त्यामुळे दवाखान्यातून तो सरळ ताईकडे आला. बाहेरची खोली त्याला दिली. दिवसा एक मदतनीस बाई यायच्या. सकाळ-संध्याकाळ ताई आणि तिचा नवरा. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करी. हात हलका. मेव्हण्याची दाढी तोच करून द्यायचा, आणि दाढी चालू असताना वायरमनला बोलता येत नसल्यामुळे त्या वेळेत स्वतःचं सगळं बोलून घ्यायचा.

दवाखान्यातल्या लोकांनी वायरमनला तोंडात धरायची काठी वापरायला शिकवली होती. एका टोकाला दातांत धरायला मऊ रबर, दुसऱ्या टोकाला छोटं टोपण. त्या काठीनं तो कीबोर्डची एकेक कळ दाबायचा. माउस त्याच्या उपयोगाचा नव्हता. टॅबची कळ दाबली की पानावरच्या एका दुव्यावरून पुढच्या दुव्यावर जाता येतं, आपण कुठे आहोत ते एक निळी चौकट दाखवते, आणि एंटर दाबलं की ती गोष्ट उघडते. त्याचं सगळं जग आता या दोन कळांवर चाललं होतं.

सुरुवातीच्या एका सुट्टीच्या दिवशी त्यानं बाहेरच्या खोलीतून हाक मारली. दिव्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानाचं पान उघडलं होतं. बंद झालेल्या धंद्याची सवय काही जात नव्हती. वर मेनू दिसत होता, पण त्याच्या पोटातली यादी काही केल्या खाली येत नव्हती.

"ताई, इथून पुढे जायचं कसं?"

कपड्यांच्या घड्या घालता घालता ती सहज म्हणाली, "मेनूवर माउस ने ना, आपोआप उघडेल."

म्हटलं मात्र, आणि हातातली घडी तिनं तशीच खाली ठेवली. असे मेनू तिनं स्वतः कितीतरी बांधले होते. यादी किती अलगद खाली उतरते याचं तिला कौतुक वाटायचं. माउस नसलेल्या माणसासाठीही पान चाललं पाहिजे, असे नियम जाणकारांनी लिहून ठेवले होते. तिनं ते वाचलेही होते. पण हातात काम वाढलं की सगळ्यांत आधी ज्यांच्याकडे कानाडोळा होतो, त्यांतलेच ते.

त्यानंतर रोजचाच एक कार्यक्रम झाला. संध्याकाळी घरी आली की ताई त्या दिवशी केलेलं पान वायरमनसमोर उघडायची आणि मागे उभी राहून बघायची. त्याचे शेरे ऐकण्यासारखे असत. एका बँकेच्या पानावर बटणासारखी दिसणारी पण खरी बटणं नसलेली चौकोनी चित्रं होती. टॅब त्यांच्यावर थांबतच नव्हता. वायरमन म्हणाला की हे म्हणजे भिंतीवर नुसतं बटण बसवलंय आणि मागे वायरच ओढलेली नाही. ताईला ते इतकं पटलं, की दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं डिझायनरला तसंच सांगितलं, आणि 'मागे वायर आहे का' हा ऑफिसातला शब्दच होऊन बसला. तिची पानं सुधारली. गिऱ्हाइकांच्या तक्रारी कमी झाल्या. मालक खूश झाले.

ताईचा दिवस मात्र दोन्ही बाजूंनी लांबत चालला होता. सकाळी भावाला कूस बदलून द्यायची, पाठीला कुठे लाल झालंय का बघायचं, अंग पुसायचं, मग ऑफिस, मग पुन्हा घरी येऊन तेच पान, आणि मग जेवण भरवणं. बसमध्ये तिला उभ्या उभ्या झोप लागायची. हे सगळं आपण भावासाठीच करतोय असं तिला वाटत होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

धंद्यातल्या लोकांचा मेळावा भरायचा होता. मालकांनी तिला बोलायला पाठवायचं ठरवलं. ती नको नको म्हणत होती, पण ते ऐकेनात. मग तिनं एका संध्याकाळी वायरमनच्या मागे उभं राहून फोनवर एक छोटं चित्रण केलं. ऑफिसला दाखवायला घेते, असं त्याला म्हणाली. तो पान चालवण्यात गुंतला होता. काठी दातांत धरूनच त्यानं "घे" म्हटलं.

मेळाव्याला सभागृह भरलं होतं. ताई काही बोलणारी बाई नव्हती. कागदावरून वाचत गेली आणि मध्येच तिनं ते चित्रण दाखवलं. मोठ्या पडद्यावर पाठमोरं डोकं, वाकलेली मान, तोंडातली काठी, आणि एका पानावर पुन्हा पुन्हा अडकणारी, वर-खाली होणारी ती हालचाल. काही जणांनी डोळे पुसले. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या दिवशी घरी येताना ताईला बसमध्ये झोप आली नाही. फार दिवसांनी तिला बरं वाटलं होतं. घरी मेळावा चांगला झाला एवढंच तिनं सांगितलं. मालकांनी त्या भाषणाचं चित्रण कंपनीच्या साइटवर लावलं.

वायरमनबरोबर दवाखान्यात असलेल्या एका माणसानं ते बघितलं आणि त्याला पाठवलं. मागून दिसणारी मान त्यानं ओळखली होती. वायरमननं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. संध्याकाळी ताईनं नेहमीप्रमाणे लॅपटॉप आणून ठेवला आणि काठी त्याच्या तोंडाजवळ नेली. त्यानं तोंड उघडलं नाही.

मग म्हणाला, "तुझं भाषण बघितलं. टाळ्या चांगल्या पडल्या."

ताईनं काठी खाली ठेवली.

"एवढ्या लोकांसमोर माझी मान दाखवलीस तू."

"चेहरा मुद्दाम नाही दाखवला," ती म्हणाली. "तुला अवघड वाटेल म्हणून."

"चेहरा असता तर माणूस तरी दिसला असता. मागून काय दिसतंय? कोंबडी दाणे टिपतेय."

तू घे म्हणाला होतास, असं ती म्हणाली. त्यावर तो म्हणाला की ऑफिसपुरतं म्हणाली होतीस. तिला वाटलं बोलणं संपलं. पण त्याचं आणखी काही आत साठलं होतं, आणि ते तो आवाज न चढवता बोलला.

"रोज येतेस आणि माझ्यासमोर पान उघडतेस. आज मला करायचंय का, असं कधी विचारलंस? तुझे ते ब्राउझर असतात ना, ह्यात चालतं का बघ, त्यात चालतं का बघ. त्यातलाच एक झालोय मी. हा ब्राउझर, तो ब्राउझर, आणि वायरमन."

ताई स्वयंपाकघरात गेली आणि घासलेली भांडी तिनं परत घासली. तिला लाज वाटत होती आणि रागही येत होता. आपण याच्यासाठी किती झिजतो, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं, पण मनातून ते काही गेलं नाही. नवरा कामावरून आल्यावर तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला. तो म्हणाला, मला विचारलं असतंस तर नको दाखवू म्हटलं असतं. पण हल्ली तू विचारतच नाहीस कुणाला काही, दमलेली असतेस.

दुसऱ्या दिवशी तिनं मालकांना ते भाषण काढून टाकायला सांगितलं. मालकांना वाईट वाटलं. त्या भाषणामुळे किती लोकांचे डोळे उघडले, असं ते परत परत सांगत राहिले. ताई ऐकून घेत उभी राहिली आणि शेवटी म्हणाली की तरीही काढा. त्यांनी काढलं. पण तोवर ते आणखी दोन-तीन ठिकाणी चढलं होतं. तिनं त्या लोकांना कळवलं. काहींनी काढलं, एकानं उत्तरच दिलं नाही.

घरातली तपासणी बंद झाली. खरं सांगायचं तर ताईला थोडं हलकंही वाटलं. संध्याकाळी ती आता निदान बसून चहा पिऊ लागली. भावाशी बोलणं चालू होतं, पण कामापुरतं. उशी वर घेऊ का, पाणी हवं का, पंखा कमी करू का.

याच सुमारास तिच्याकडे एका बस कंपनीची तिकीट काढायची साइट आली. काम मोठं होतं आणि सगळ्यांना घाई होती. ताईनं माउस खणात टाकला आणि नुसत्या टॅबवर पान चालवून बघितलं. चालत होतं. आता आपल्याला सगळं ठाऊक आहे, असं तिला वाटलं. पण ती दहा बोटांनी बघत होती. प्रवासाची तारीख निवडायला एक सुंदर कॅलेंडर होतं, त्यात महिना बदलायला बाणावर कितीदा तरी जावं लागे. बसमधल्या जागांचा नकाशा मागाहून बसवला, तो तिनं टॅबवर बघितलाच नव्हता, आणि तो तर पूर्ण चित्राचा, बोटानं किंवा माउसनं टिचकी मारायचा. आणि जागा निवडली की घड्याळ सुरू व्हायचं. तेवढ्या वेळात बाकीची माहिती भरून झाली नाही तर जागा सुटायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

या घड्याळाबद्दल ती बोलली होती. नियमातच आहे, वेळ वाढवून मागायची सोय हवी, असं तिनं सांगितलं. बस कंपनीच्या बाई म्हणाल्या की जागा अडकून पडतात, दुसऱ्या प्रवाशांची अडचण होते. त्यांचंही चुकीचं नव्हतं. ताईनं पुढच्या मीटिंगमध्ये विषय परत काढला. त्याच्या पुढच्या मीटिंगमध्ये तिनं काढला नाही. त्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं आणि तिला लवकर घरी जायचं होतं. साइट सुरू झाली.

इकडे बाहेरच्या खोलीत काहीतरी शिजत होतं. नवऱ्यानं तिथलं टेबल खिडकीजवळ सरकवलं. लॅपटॉपवर एक छोटा कॅमेरा बसला. दाढी एका दिवसाआड व्हायची ती रोज व्हायला लागली. ताईनं विचारलं तर नवरा म्हणायचा, मेव्हणेबुवांनाच विचार. शेवटी तिनं मेव्हणेबुवांना विचारलं.

"नोकरी लागली मला," वायरमन म्हणाला.

"कसली नोकरी?"

"तीच. तुझ्याकडे करत होतो ती."

एक संस्था होती. न दिसणारे, कमी ऐकू येणारे, हात न चालणारे असे लोक तिथे वेबसाइट तपासायचे आणि कुठे काय अडतं ते सांगायचे. वायरमननं स्वतःच त्यांच्याशी संधान बांधलं होतं. भावजींनी फक्त टेबल सरकवलं, असं तो म्हणाला. ताईला आधी वाईट वाटलं, की आपल्याला कुणी ताकास तूर लागू दिली नाही. मग तिच्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की एवढा वेळ सरळ बसवलं तर पाठीचं काय होईल. तेवढंच तिनं विचारलं. तो म्हणाला मध्ये मध्ये मागे रेलतो, बाईंना सांगून ठेवलंय. ती बरं म्हणाली. अभिनंदन करायचं राहूनच गेलं.

काही महिन्यांनी बस कंपनीकडे तक्रारी आल्या आणि त्यांनी साइट बाहेरच्या लोकांकडून तपासून घ्यायचं ठरवलं. मालकांनी ताईला आणि डिझायनरला मीटिंगच्या खोलीत बोलावलं. समोरच्या मोठ्या पडद्यावर बस कंपनीच्या बाई होत्या. मग तपासणाऱ्या संस्थेची चौकट उघडली आणि त्यात वायरमन आला.

केस विंचरलेले. नवऱ्याचा निळा शर्ट, कॉलर नीट बसवलेली. मागे त्यांच्याच घरातली खिडकी. ताईनं हा चेहरा रोज पुसला होता, पण एवढा मोठा आणि समोरून कधी पाहिला नव्हता.

त्यानं नमस्कार म्हटला, आपण काय काम करतो ते सांगितलं, आणि म्हणाला, "ज्या कंपनीनं ही साइट बांधली तिथे माझी बहीण काम करते. ती या बैठकीत आहे. आमच्या लोकांना हे मी आधीच सांगितलंय, आणि माझ्याबरोबर आणखी एकानं ही साइट वेगळी तपासली आहे. तुमची हरकत असेल तर तो दाखवेल."

बस कंपनीच्या बाई हरकत नाही म्हणाल्या. मालकांनी ताईकडे पाहिलं. ती कागदावर तारीख लिहीत होती.

मग वायरमननं काठी तोंडात घेतली आणि तिकीट काढायला सुरुवात केली. गावाचं नाव टाकलं. कॅलेंडरवर गेला. बाण, बाण, बाण. खोलीत फक्त काठीचा टकटक आवाज येत होता. जागांच्या नकाशाला टॅब लागलाच नाही. तो थांबला, मदतनीस बाईंकडून त्यानं माउसनं एक जागा निवडून घेतली, आणि इथून पुढचं दाखवतो असं सांगितलं. नाव भरलं. वय भरलं. फोनचा नंबर भरत असताना घड्याळ संपलं आणि पान पहिल्या जागी गेलं. पुन्हा गाव, पुन्हा कॅलेंडर. डिझायनर भला मुलगा होता, त्याला ते बघवलं नाही. त्यानं विचारलं की अशा वेळी घरातलं कुणी मदतीला घेता येत नाही का.

वायरमननं काठी टेबलावरच्या खाचेत ठेवली. "येतं की," तो म्हणाला. "पण मग त्यालाच सांगेन, स्टँडवर जाऊन तिकीट काढून आण."

बस कंपनीच्या बाई हसल्या, मग डिझायनरही हसला, आणि खोलीतला ताण जरा सैलावला. वायरमन एकेक मुद्दा सांगत गेला. एके ठिकाणी तो म्हणाला की सीटचा प्रकार निवडताना टॅब पहिल्याच पर्यायावर थांबतो आणि दुसऱ्या पर्यायावर जातच नाही.

इथे ताई पहिल्यांदा बोलली. "ते बरोबर आहे तसंच. अशा गटात टॅबनं एकदाच आत जायचं असतं, आतल्या आत बाणाच्या कळेनं फिरायचं. सगळ्या ब्राउझरांत तोच नियम आहे."

वायरमननं बाणाची कळ दाबून बघितली. चौकट पुढे सरकली.

"खरंय मॅडम," तो म्हणाला. "हा मुद्दा काढून टाकतो."

मॅडम ऐकून मालकांना हसू आवरेना. ताई हसली नाही. घड्याळाचा विषय आला तेव्हा बस कंपनीच्या बाईंनी विचारलं, ही अडचण बांधताना लक्षात आली नव्हती का. खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं की ताईनं तो विषय काढला होता, आणि बाईंनाही ते आठवत असणार. ताई म्हणाली, लक्षात आली होती, मी लावून धरायला हवं होतं. बाईंनी मान हलवली आणि त्या पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.

संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा वायरमन पलंगावर आडवा झाला होता. निळा शर्ट खुर्चीच्या पाठीवर होता. चेहरा दमून गेला होता. मानेचे दोन्ही बाजूंचे स्नायू टणक झाले होते, तिनं तेल घेऊन ते हळूहळू चोळले.

मग डोळे मिटूनच तो म्हणाला, "मॅडम रागावल्या का?"

"नाही. नकाशावर तू उगाच कमी बोललास. अजून बोलायला पाहिजे होतंस."

"दमलो होतो गं."

ती म्हणाली, हो, मलाही तसंच झालं होतं, घड्याळाच्या वेळी. त्यानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. मग तिनं ते सांगितलं जे इतके महिने सांगायचं राहिलं होतं, की ते भाषण तिनं त्याला विचारून द्यायला हवं होतं, आणि विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता हे तिला आधीच माहीत होतं, म्हणून विचारलं नाही. ते म्हणताना तिचा हात थांबला नाही. वायरमन एवढंच म्हणाला की मानेच्या डाव्या बाजूला जरा जोर लाव.

साइटच्या दुरुस्त्या बरेच दिवस चालल्या. कॅलेंडर राहिलं, पण आता तारीख टाइप करूनही टाकता येऊ लागली. नकाशा काढायला बस कंपनी तयार झाली नाही. त्याच्या शेजारी जागांची साधी यादी आली, आणि ती इतकी सोपी होती की दोन्ही हात चालणारे लोकही तीच वापरू लागले. घड्याळ संपत आलं की वेळ वाढवून मागायचं बटण आलं. एक जाहिरातीची खिडकी मात्र कुणाच्याच हातात नव्हती. ती दुसरीकडून यायची, आणि टॅब तिच्यात शिरला की बाहेर पडायचा नाही. त्याबद्दल ताईनं लिहिलं, पुन्हा लिहिलं, अजूनही लिहितेच आहे. दरम्यान सगळी साइट नव्या पद्धतीनं बांधायचं घाटतंय असं कानावर आलं, आणि डिझायनरनं नवं चित्र आणून तिच्या टेबलावर ठेवलं. मागे वायर आहे, असं त्यानं आपणहून सांगितलं. ताईनं चित्र बघितलं आणि म्हणाली, उद्या बघते.

घरात आता वेबसाइटवाले दोघं झाले होते. वायरमनला वाटलं होतं, काम मिळालं की सगळं बदलेल. बदललं ते असं, की तोही इतरांसारखा कटकट करू लागला. त्याचे वरिष्ठ मीटिंगवर मीटिंग घेतात. एकदा सांगितलेली चूक दुरुस्त होते आणि पुढच्या वेळी पुन्हा तशीच समोर येते. लोक ऐकून घेतात, छान म्हणतात आणि काही करत नाहीत. ताई हे सगळं जेवण भरवताना ऐकायची. वर्षानुवर्षं ती घरी आणत आलेली गाऱ्हाणी तिला आता समोरून ऐकू येत होती. घास थोडा लांब धरून ती म्हणायची, आधी खाऊन घे. मान दुखते म्हणून डॉक्टरांनी काम कमी करायला सांगितलं, तेही त्यानं ऐकलं नाही. तिनं एकदा सुचवून पाहिलं. तो म्हणाला, तू केलंस का कमी? विषय तिथंच संपला.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी नवरा दुकानातून आला तेव्हा बाहेरच्या खोलीत दोघं बहीणभाऊ नुसते बसून होते. लॅपटॉप मिटलेला होता. कुणालाही कुठल्याही पडद्याकडे बघायची इच्छा नव्हती, असं त्यांनीच सांगितलं. तरी सामना होता म्हणून नवऱ्यानं टीव्ही लावला आणि आवाज वाढवायला हात पुढे केला.

"नको," दोघंही एकदम म्हणाले.

त्यानं आवाज बंद केला आणि मेव्हण्याच्या पाठीमागची उशी जरा वर सरकवून शेजारी बसला. खेळ चालू राहिला. कोण पुढे आहे, कोण मागे, ते तो मधूनमधून हळू आवाजात सांगत होता. वायरमन हुं म्हणत होता. ताईकडून उत्तर आलं नाही. तिनं डोकं खुर्चीच्या पाठीला टेकलं होतं आणि तिचा डोळा लागला होता. नवऱ्यानं तिच्या हातातला कप काढून घेतला, तेव्हाही ती जागी झाली नाही.